निळ्या कागदाला पाय लागला

कागद टेबलावरून घसरला तेव्हा मी बघत होते. त्या खोलीत वरून गाळलेली हवा सारखी खाली येत असते आणि तो नवा निळा कागद भलताच गुळगुळीत. इंदूमावशीनं तो मशीनशेजारच्या स्टीलच्या टेबलावर ठेवला आणि पेन ठेवायला वळली. तेवढ्यात कागद सरकत सरकत कडेला गेला नि खाली पडला. मावशी एक पाऊल मागे आली आणि तिचा पाय त्याच्यावर पडला.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधीच एक नियम शिकवतात, पडलं ते मेलं. पेन पडो, चिमटा पडो, कागद पडो, जमिनीला लागलं की ते आपलं नाही. वाकायचं नाही. नवा कागद घ्यायचा आणि जुना पडला असं त्याच्यावर लिहायचं. मी नवीन होते तेव्हा मावशीनंच मला हा नियम शिकवला होता, तोही हातावर चापट मारून.

आणि तीच मावशी वाकली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा निर्जंतुक झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे. उजव्या हातानं तिनं कागद उचलला, कपाळाशी टोपीला टेकवला आणि मग छातीला लावला. पुस्तकाला पाय लागला की आपण करतो तसंच, अगदी तसंच. आईनं धपाटे घालून शिकवलेलं असतं ते. विचार करून कोण करतं?

तिनं कागद टेबलावर ठेवला न ठेवला तोच मशीनवर एक बाटली आडवी झाली. आडवी बाटली चटकन उभी केली नाही तर मागच्या सगळ्या अडकतात. मावशीचा तोच उजवा हात चिमटा घेऊन प्लास्टिकच्या पडद्याआड गेला, उघड्या बाटल्यांवरून फिरला, बाटली उभी करून बाहेर आला. मग ती थांबली. हाताकडे बघितलं. स्पिरिटचा फवारा उचलून दोन्ही हातांवर मारला. आधी मारायचं ते नंतर मारलं.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आत बोलायचं नसतं. गॉगलमागचे डोळे तेवढे दिसत होते. माझ्या हाताशी मशीन थांबवायचं लाल बटण होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हे सगळं एवढं मोठं का, ते सांगते. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना तसा लहानच. एका मोठ्या कंपनीसाठी आम्ही इंजेक्शनं भरून द्यायचो. त्या वर्षी काही बाटल्यांत बारीक तंतू सापडले. कंपनीनं काम थांबवलं. शोधाशोध केली तर तंतू निघाले कागदाचे! बाटल्या भरताना जी नोंद करतो ती आम्ही साध्या कागदावर करत होतो. साधा कागद म्हणजे लाकडाचा भुसाच की. उलटला, फाडला, नुसता हाताळला तरी त्यातून तंतू उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कुणाच्या तरी शिरेत जाऊन बसतात. मग आमच्या मालकांनी, कर्णिक साहेबांनी, हा निळा कागद मागवला. त्याचे तंतू एकमेकांना चिकटवून बांधलेले असतात, काही झडत नाही. येतो तोही दोन पिशव्यांत. एक पिशवी बाहेर काढायची, दुसरी आत. आम्ही हसायचो, म्हणायचो, नवऱ्या मुलीपेक्षा याचाच थाट जास्त.

मोठ्या कंपनीनं एक अट घातली होती. औषधाऐवजी बाटल्यांत जंतूंना आवडणारं सूप भरायचं आणि बाटल्या उबेत ठेवायच्या. आत एखादा जंतू शिरला असला तरी सूप गढूळ होतं. असं तीनदा करायचं. तिन्ही वेळा सगळ्या बाटल्या स्वच्छ निघाल्या आणि नोंदीत काही वावगं नसलं तरच काम परत. महिनाअखेरची मुदत. नाहीतर काम दुसऱ्या राज्यात जाणार, आणि काम गेलं की कारखान्याला कुलूप. पहिली दोन भरणं झाली होती. त्या दिवशीचं तिसरं होतं.

ते पूर्ण झालं. मशीन बंद झालं, आम्ही बाहेर आलो, कपडे बदलायच्या खोलीत. मावशीनं मास्क काढला तर ओठ पांढरे पडलेले.

"शैले, पाहिलं का गं तू?"

"काय?"

"आता तू तरी सोंग करू नको."

"पाहिलं."

ती बाकावर बसली. टोपी काढायचीही विसरली. "मला कळलंच न्हाई, बाई. पायाखाली कागद लागला आन् हात आपसूक गेला. सारं आयुष्य आसंच केलं ना."

"एक दिवस सरस्वतीला सुट्टी दिली असती तर काय ती रुसणार होती?" माझ्या तोंडून निघून गेलं. माझी जीभ तशी तिखटच आहे. पण मावशीचा चेहरा बघितला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"तू सांगशील का?" तिनं विचारलं.

तिचा नवरा, किसनराव, लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. कूस बदलायलाही माणूस लागायचं. सगळा भार मावशीच्या पगारावर. पन्नाशी ओलांडलेल्या, चौथी शिकलेल्या बाईला असलं काम दुसरीकडे कोण देणार? आणि माझं तरी काय वेगळं होतं? माझ्या नवऱ्याची कंपनी आधीच बंद पडलेली. तो दिवसभर घरात बसून भिंतींवर चिडायचा आणि भिंती ऐकत नाहीत म्हणून माझ्यावर. माझी नोकरी गेली असती तर त्या घरात काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नव्हता.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही काही केलं नाही. स्पिरिट मारलं ना?"

"नंतर मारलं."

"मारलं ना! मग झालं तर."

मावशीनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "कुणाला सांगू नको. देव तुझं भलं करो," ती म्हणाली. आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकमेकींना धरून बाहेर आलो.

बाहेर शिपाई उभा होता. साहेबांनी बोलावलंय.

कर्णिक साहेब साठीचे. मालक असले तरी डबा आमच्याबरोबर कॅन्टीनमध्ये खायचे आणि मावशीच्या शेंगदाण्याच्या चटणीवर डोळा ठेवून असायचे. त्या दिवशी मात्र आम्ही आत गेल्यावर त्यांनी उठून दार लावून घेतलं. टेबलावर तो निळा कागद होता. आतून बाहेर यायची त्याची वेगळी खिडकी असते, तिथून तो थेट त्यांच्याकडे आला होता.

"बसा," ते म्हणाले. आम्ही बसलो.

"मी काचेतून बघत होतो." ते कुणाकडेच बघत नव्हते. "मला काही विचारायचं नाही आणि काही ऐकायचंही नाही. मावशी, शेवटचा रकाना रिकामा राहिलाय. तिथं 'नाही' लिहा आणि सही करा. शैला, तू साक्षीची सही कर. मग दोघी घरी जा आणि शांत झोपा."

शेवटच्या रकान्यात बाटल्या भरताना काही अनपेक्षित घडलं का, ते लिहायचं असायचं. मावशीला इंग्रजी यायचं नाही म्हणून तेवढं मराठीत चालायचं. माझा जीव असा भांड्यात पडला की मी मोठ्यानं श्वास सोडला. साहेबही आमच्यातलेच निघाले.

मावशीनं पेन घेतलं. "साहेब, नुसतं नाही?"

"नुसतं."

तिनं पेन टेकवलं. तसंच ठेवलं. मला वाटलं, चष्मा विसरली असेल.

"मावशी, लिहा ना," मी म्हटलं.

"लिहिते."

पण लिहीना. पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका तेवढा उमटला. खिडकीबाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती.

"साहेब," ती हळू म्हणाली, "ह्याला माझा पाय लागला."

"हो, पण मी आत्ताच काय म्हटलं?"

"चुकून लागला. नमस्कार केला, फिटलं. पण आता ह्याच्यावर मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, तर ते कशानं फिटायचं?"

साहेब काही म्हणायच्या आत माझ्या भीतीचा राग झाला. मी उभी राहिले.

"कागदाचं काय घेऊन बसलात? किसनरावांच्या गोळ्या हा कागद आणणारे का? त्यांना रोज कुशीवर हा वळवणारे का? मघाशी माझा हात धरून तुम्हीच म्हणालात ना, सांगू नको म्हणून?"

"तुला म्हणले, गं. तू बोलू नको, म्हणले. मला लिहाया लागंल, हे डोक्यातच न्हाई आलं."

"एक शब्द आहे, मावशी! दोन अक्षरं!"

"लई जड आहेत, बाई."

साहेब टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी हात जोडले. "मावशी, मी आयुष्यात कुणापुढे हात पसरले नाहीत. वीस वर्षं ही जागा मी उभी करतोय. तुमच्यासारख्या कितीजणी इथं आहेत, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पाया पडतो." आणि ते खरोखरच वाकायला लागले. मावशीनं घाबरून दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नका ना, साहेब, आसं नका करू. मला पाप लागंल," ती रडत म्हणाली.

मला ते बघवेना. मी तिच्या हातातलं पेन हिसकावलं. "द्या इकडे, मीच लिहिते. अक्षर कोण तपासायला बसलंय?" मी कागद ओढला, पण मावशीनं अख्खा पंजा त्याच्यावर ठेवला. एवढीशी बाई, पण मला तिचा हात हलवता येईना. आम्ही दोघी एका कागदासाठी ओढाताण करत होतो आणि मालक बाजूला हात जोडून उभे होते. कुणी बाहेरून बघितलं असतं तर हसलं असतं.

"शैले, सोड. पेन दे. माझं मी लिहिते."

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी पेन दिलं. मला वाटलं, जमलं. ती 'नाही' लिहिणार.

ती लिहू लागली. चौथीच्या वर्गात शिकलेलं गोल, सुटं अक्षर. एकेक काना सरळ आलाय का बघत. नाकातून पाणी येत होतं, ते खांद्याला पुसत. मी उलट्या बाजूनं वाचत होते. *कागद पडला. त्यावर पाय लागला. उचलला व नमस्कार केला. त्याच हाताने बाटली उभी केली. स्पिरिट नंतर मारले.* खाली पूर्ण नाव, इंदुबाई किसन उगले. मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन पुढे केलं.

साक्षीदारानं 'पाहिले' लिहून सही करायची असते. मी साहेबांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते, मदतीला येणारे नव्हते. मी 'पाहिले' लिहिलं. तिच्या त्या ओळींखाली दुसरं काही लिहायची माझी छाती झाली नाही, एवढंच. मी काही थोर झाले नव्हते. लिहिताना मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

साहेबांनी कागद उचलला. वाचला. मग दोन्ही हातांत धरून फाडायला लागले. कागद फाटेना. ताणला गेला, मधे पांढुरका पडला, पण फाटेना. त्यांनी पुन्हा जोर लावला. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तळहातानं हळूहळू सपाट केला.

"चांगला कागद आहे," ते म्हणाले.

जाळता आला असता. कॅन्टीनमध्ये काड्यापेटी होतीच. पण साहेब खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. दार उघडून आम्ही दोघी बाहेर पडलो. मी माझ्या बसला गेले आणि ती तिच्या वाटेला.

कागद होता तसा मोठ्या कंपनीकडे गेला आणि तिसरं भरण रद्द झालं. पुन्हा करायला मुदत उरली नव्हती. तरीसुद्धा लॅबमधल्या सानिया तांबोळीनं त्या बाटल्या टाकल्या नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं त्या उबेच्या खोलीत ठेवल्या आणि रोज जाऊन उजेडासमोर धरून बघायची. मीही जायचे तिच्याबरोबर. काय बघायला जात होते, ते माझं मलाच ठाऊक. मला गढूळ बाटली हवी होती. एक तरी, तळाशी दुधाळ झालेली. म्हणजे मावशीचं लिहिणं बरोबर ठरलं असतं, आमचं काम जाणंही बरोबर ठरलं असतं आणि मला कुणावर चिडायला लागलं नसतं.

दोन आठवडे झाले, तरी एकही बाटली गढूळ झाली नाही. सानियानं शेवटची बाटली खाली ठेवली आणि ओढणीनं डोळे पुसले.

साहेबांनी तेवढ्या आशेवर मोठ्या कंपनीला फोन लावला. आम्ही दारात उभ्या होतो. तिकडचा माणूस फार सभ्यपणे बोलला म्हणे. बाटल्या स्वच्छ निघाल्या हे तुमचं नशीब, आणि नशिबावर भरलेलं औषध आम्ही विकत नाही. साहेबांनी फोन ठेवला आणि त्या महिन्याच्या अखेरीला गेटला कुलूप लागलं. बायका गेटबाहेरच्या दगडांवर बसून राहिल्या, जणू कुणी येऊन उघडणार होतं. "देवभोळेपणा घरी करावा," एक म्हणाली. "एका नमस्कारात सगळ्यांना बुडवलं." मी ऐकत होते. तिला गप्प करावं असं मला वाटलं नाही.

उलट मी तिथून उठले आणि सरळ मावशीच्या घरी गेले. त्या दिवसापासून ती कामावर आली नव्हती आणि तिला बाटल्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. ते मलाच सांगायचं होतं, आणि ते काही चांगल्या मनानं नाही.

दार उघडंच होतं. किसनराव खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं. मावशी त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून उठायला लागली.

"बसा," मी म्हटलं. "बाटल्या बघितल्या. एकही गढूळ नाही."

चमचा मधेच थांबला. "एकबी न्हाई?"

"एकही नाही. त्या पाण्यासारख्या स्वच्छ आहेत."

"म्हणजे काईच गेलं नव्हतं आत."

"काहीच नाही."

"म्हणजे उगाच गेलं समदं."

"उगाच," मी म्हटलं. एवढं म्हणायला मी बसनं आले होते. म्हणून झालं, आणि मी खाटेच्या कडेवर बसले. मावशीनं उरलेला चमचा नवऱ्याला भरवला, वाटी खाली ठेवली.

"राग आहे का गं माझ्यावर?"

"आहे."

"आसू दे. मलाबी आहे."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? ह्याच्यावर." तिनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. स्पिरिटनं वर्षानुवर्षं सोललेली बोटं, चिरा पडलेला तळवा. ती त्याच्याकडे बघत होती.

"कशाबद्दल? नमस्कार केला म्हणून, की लिहिलं म्हणून?"

ती विचार करत राहिली. किसनरावांच्या ओठांतून पेज ओघळली, तिनं पदरानं टिपली.

"तेच तर मला सांगता येईना, शैले," ती म्हणाली. "दोन्ही ह्यानंच केलं."

किसनरावांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. मावशीनं त्यांच्या खांद्याखाली हात घातला, मी पायांकडून धरलं, आणि आम्ही दोघींनी त्यांना वळवलं.